रंग नाही, ठिपके!

या पानावरचा कुठलाही रंगीत फोटो घ्या आणि मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन जमेल तितका झूम करा. हिरोच्या गालावरची गुलाबी छटा गायब! तिथे नुसते ठिपके. निळसर सायन, मजेंटा, पिवळा, काळा. बास, शाया एवढ्या चारच. फिकट गुलाबी शाई मशीनवर नसतेच. मशीन शाई लावतं किंवा लावत नाही, 'जराशी' लावणं त्याला जमत नाही. म्हणून फिकट छटेला बारीक ठिपके आणि गडद छटेला मोठे. बाकीची बेरीज आपले डोळे करतात.

खरी कसरत पुढेच आहे. हे ठिपके रांगेत उभे असतात आणि चार रंगांच्या रांगा जवळपास एकाच कोनात पडल्या, तर फोटोवर लाटांसारखी नक्षी उमटते. तिला म्हणतात मॉइरे. खिडकीची जाळीदार पडद्याची दोन टोकं एकावर एक धरून हलवा, तीच नक्षी दिसेल. म्हणून रांगा फिरवतात: सायन 15 अंशांवर, काळा 45, मजेंटा 75. काळ्यालाच 45 का? तो सगळ्यांत ठळक आणि तिरक्या रांगा डोळ्याला कमी टोचतात. पिवळ्याला मिळतो शून्य अंश. बिचारा इतका फिका, की तो कुठेही उभा राहिला तरी कोणाचं लक्ष जात नाही.

त्यात कागद शाई पितो. वर्तमानपत्राच्या कागदावर 50 टक्क्यांचा ठिपका पसरून 75च्या आसपास जाऊ शकतो. हा 'डॉट गेन'. चेहरे उगाच काळवंडलेले दिसतात ते बऱ्याचदा यामुळेच. तो पसरणार हे माहीत असल्याने प्लेट बनवतानाच ठिपका मुद्दाम लहान ठेवतात. एका इंचात इथे ठिपक्यांच्या 85 ते 100 रांगा, गुळगुळीत आर्ट पेपरवर 150 ते 175.

रांगाच नकोत, असाही एक मार्ग आहे. एफएम स्क्रीनिंगमध्ये सारख्याच आकाराचे बारीक ठिपके विखुरतात, गडद भागात जास्त, फिक्यात कमी. रांगा नाहीत, त्यामुळे कोनांचं भांडण नाही. पण इतके बारीक ठिपके सांभाळायला छपाई फार काटेकोर लागते.

कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम करत असाल, तर हे सगळं एका ठिकाणी हमखास आडवं येतं. जुन्या नाटकाच्या टीमचा एकमेव फोटो वर्तमानपत्राच्या कात्रणात उरलेला असतो. तो तसाच स्कॅन करून छापायला दिला, की जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसतात आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जाळी! आधी मूळ प्रिंट कोणाच्या घरी आहे का, ते विचारा. नसेलच तर स्कॅनरच्या सेटिंगमधला 'डीस्क्रीन' पर्याय निवडा. फोटो किंचित धूसर होईल, पण माणसं ओळखू येतील. आणि सगळी छपाई सुरू होण्याआधी छापखान्यातून त्या एका पानाचं प्रूफ मागून घ्या. मोबाइलवरच्या पीडीएफमध्ये ही जाळी पकडता येईलच असं नाही.