शर्यतीच्या मोटारसायकलची उंची

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतमार्गावर उतरण्यापूर्वी जाणता स्वार हाती माप घेतो. पूर्ण पोशाखानिशी तो गाडीवर बसला म्हणजे पुढचे व मागचे सस्पेन्शन साधारणतः ३० ते ३५ मिलिमीटर दबावे. अधिक दबल्यास स्प्रिंगचा ताण वाढवावा. ताण वाढविल्याने स्प्रिंगच कठीण होते, ही समजूत मात्र खरी नव्हे. बदलते ती गाडीची उंची. पुढच्या फोर्कच्या नळ्या पकडीतून चार मिलिमीटर वर सरकविल्या, की गाडीचे नाक तेवढे खाली येते, फोर्क किंचित उभा होतो आणि गाडी वळणात चपळपणे शिरते. पण सरळ मार्गावर भरवेगात हँडल थरथरू लागण्याची भीतीही वाढते, आणि ती जिवावरची आहे. म्हणून एका वेळी एकच फेरफार करून तो वहीत टिपतात. मागची बाजू उंचावल्यास साखळीचा ढिलेपणाही पुन्हा तपासावा लागतो.