शिवणयंत्राचे वय आणि त्याची चाल

आमच्या घरचे सिंगर शिवणयंत्र भंगारात जाता जाता राहिले. ते टाके गाळायचे, दोरा तोडायचे; आता ते म्हातारे झाले, यावर घरात एकमत होते. दोष वयाचा नव्हता. सुई उलटी बसली होती. या विषयाचा नाद मला लागला तो त्या सुईमुळे.

आधी वयाचे पाहू. पुष्कळ जुन्या यंत्रांच्या सरकत्या पट्टीवर कोरलेली साले आपण जन्मसाल समजतो. मीही समजत होतो. ती पेटंटांची साले असतात. खरी ओळख बैठकीवर उठवलेल्या क्रमांकात असते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून सिंगरच्या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर येऊ लागले. ‘जी’ म्हणजे न्यू जर्सीतील एलिझाबेथ. ‘एफ’ किंवा ‘वाय’ म्हणजे स्कॉटलंडमधील क्लाइडबँक. क्लाइडबँकचा कारखाना 1885 मध्ये सुरू झाला आणि 1980 मध्ये बंद पडला. तिथल्या रेल्वे स्थानकाचे नाव मात्र आजही ‘सिंगर’ आहे. कोणते क्रमांक कोणत्या वर्षी दिले गेले याच्या याद्या इंटरनॅशनल सोइंग मशीन कलेक्टर्स सोसायटीसारख्या संग्राहकांच्या संस्थेने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्यांतली तारीख क्रमांक नेमून दिल्याची असते. यंत्र बाहेर पडायला त्यानंतर आणखी काळ जाई.

परंतु क्रमांकावरून यंत्र चालत नाही. एलियास हौ याने 1846 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात सुईचे नेढे टोकाकडे होते. आजही ते तिथेच आहे. सुई कापडातून तळाला जाते आणि दोन-अडीच मिलिमीटर वर उचलली जाते. तेवढ्यात दोऱ्याचा फास फुगतो, शटलचे टोक त्यात शिरते आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकतो.

फास एकाच बाजूला का फुगतो? सुईच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. त्या खाचेत दोरा सुखाने सरकतो. दुसऱ्या अंगाला तो कापडात आवळला जातो, म्हणून सुई उचलताना तिथेच ढिला पडून फुगतो. शटल त्याच अंगाने आले पाहिजे. यावरून नियम निघतो : दोरा ज्या बाजूने ओवायचा, त्या बाजूला लांब खाच. काही यंत्रांत ती बाजू उजवी, काहींत डावी. आमच्या घरी घोटाळा झाला तो इथेच. हे मला एका वयस्कर कारागिराने सुईवर नख फिरवून दाखवले. पुस्तकात वाचून ते माझ्या डोक्यात शिरले नव्हते.

त्यांनी आणखी एक सांगितले, पण मी ते उशिरा ऐकले. जुन्या सिंगरच्या सोनेरी नक्षीवर लाखेचा थर असतो आणि स्पिरिटने तो विरघळतो. आमच्या यंत्राची अर्धी वेलबुट्टी माझ्याच फडक्यावर आली.

म्हणून माळ्यावरचे यंत्र खाली काढाल, तेव्हा आधी क्रमांक टिपून ठेवा. हातचाक फिरत नसेल तर जोर लावू नका. बहुधा जुने तेल घट्ट झालेले असते. सांध्यांत मशीनच्या तेलाचे थेंब सोडून रात्रभर थांबा. मग नवी सुई लावा, खाच पाहून. आणि परिसरात एखादा जुना कारागीर असेल, तर दुरुस्ती चालू असताना त्याच्याजवळ बसा.