शहाजोग हुंडीपासून ओटीपीपर्यंत

आपल्या पूर्वजांच्या पेढ्यांवर शहाजोग हुंडी चालत असे. ती जवळ आहे म्हणून कोणालाही तिचे पैसे मिळत नसत. त्या बाजारात ज्याची पत आहे अशा शहाच्याच हाती रक्कम दिली जाई. कागदापेक्षा माणूस ओळखीचा असणे महत्त्वाचे, हा त्यामागचा विचार होता. आज घाटकोपर, मुलुंड वा बोरिवलीतून शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या आपल्या मुलामुलींना तिथल्या बँकेत नेमका हाच अनुभव येतो. वडिलांच्या दुकानाची तीन पिढ्यांची पत समुद्रापलीकडे कोणी विचारीत नाही. तिथे तो विद्यार्थी अनोळखी असतो.

अनोळखी माणसाकडे बँक पत्त्याचा पुरावा आणि स्थानिक दूरध्वनी क्रमांक मागते; घरमालक खोली देण्यापूर्वी बँकेचे खाते मागतो. हे कोडे सोडविण्याचा क्रम साधारण ठरलेला आहे: प्रथम प्रीपेड सिम, मग विद्यापीठाचे प्रवेश व निवासाविषयीचे पत्र, त्यानंतर खाते. अमेरिकेत पोस्टपेड जोडणीसाठी बहुधा पतइतिहास तपासला जातो आणि तो नवागताकडे नसतो, म्हणून प्रीपेडच बरे. सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही म्हणून खाते उघडणार नाही, ही भीतीही अनाठायी आहे. पारपत्र, व्हिसा व विद्यापीठाचा आय-ट्वेंटी दाखला पाहून अनेक बँका खाते उघडतात. जर्मनीची रीत निराळी. तिथे वर्षाच्या खर्चाची रक्कम व्हिसापूर्वीच बंदिस्त खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे आणि त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. पण ते पैसे हाती येण्यासाठी तिथे पोहोचल्यावर चालू खाते उघडावेच लागते.

परदेशी सिमची चिंता सर्वच करतात. खरी काळजी घ्यायची ती भारतीय क्रमांकाची. बँक, आधार, प्राप्तिकराचे संकेतस्थळ, डिमॅट, या साऱ्यांच्या किल्ल्या त्या एका क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीत असतात. रिचार्जअभावी तो बंद पडला तर कालांतराने दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ संभाषण व संदेशांसाठीची, ३६५ दिवसांपर्यंत मुदतीची व्हाउचर देण्याचा दंडक कंपन्यांना घातला. अशा मुलांसाठी ती सोयीची आहेत. आंतरराष्ट्रीय रोमिंगची सुविधा निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी. आणखी एक गोष्ट ऐन वेळी ध्यानात येते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये चौदाव्या मालिकेपासून सिमकार्डाची खाचच नाही. तिथे नवा फोन घेण्याचा बेत असेल, तर भारतीय सिमचे ई-सिम इथेच करून न्यावे. काही घरांत मुलाचे सिम आईच्या फोनमध्ये ठेवतात आणि ओटीपी व्हॉट्सॲपवर कळवितात. गैरसोय टळते खरी, पण ओटीपी कोणालाही सांगू नये हे ज्या मुलाला शिकविले, त्यालाच ही सवय लागते.

आता खात्याविषयी. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, अनिवासी ठरतो, हे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे त्याचे इथले साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. आपल्याकडे याकडे सर्रास डोळेझाक होते. जुने खाते तसेच राहते आणि वडील त्याच्या पासवर्डने व्यवहार करीत राहतात. त्याची गरज नाही. एनआरओ खात्यात निवासी नातेवाईक ‘प्रथम धारक किंवा हयात धारक’ या पद्धतीने सहधारक होऊ शकतो, शिवाय इथल्या देण्याघेण्यासाठी त्याला अधिकारपत्र देता येते. यूपीआयचीही अडचण बरीच दूर झाली आहे. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतील क्रमांक एनआरई व एनआरओ खात्यांना जोडण्याची मुभा मिळाली. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर त्या यादीत होते, जर्मनी नव्हता.

व्यापारी घरांत एक मोह हमखास डोके वर काढतो आणि त्याविषयी स्पष्ट लिहिणेच योग्य. कोणी परिचित सांगतो, ‘शेठ, तुम्ही इथे रुपये द्या, तिथे आमचा माणूस तुमच्या मुलाला पौंड देईल; बँकेपेक्षा भाव चांगला.’ बोलणारा आपल्याच बाजारातला असतो, त्यामुळे हे जुन्या हुंडीसारखे वाटते. पण तो हवाला आहे आणि फेमाखाली दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. दंड इथे बापाला होईल. तिथे मुलाच्या खात्यात अपरिचिताचे पैसे आलेले दिसतील. ते पैसे कोणाच्या फसवणुकीतून आले हे त्याला ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये खात्याचा असा गैरवापर झाल्याची नोंद सायफास या संस्थेकडे झाली, तर ती सहा वर्षे राहते. खाते बंद होते आणि दुसरी बँक दारात उभे करीत नाही. ‘तुझे खाते चार दिवस वापरू दे, कमिशन देतो’ म्हणणारा सहाध्यायीही त्याच खड्ड्यात ढकलतो. पदवी हाती येण्याआधीच मुलाची पत जाते. आणि हे कशासाठी? उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बँकेमार्फत पाठविता येतात. पॅन आणि ए-टू फॉर्म एवढाच खटाटोप. दहा लाख रुपयांपुढे टीसीएस कापला जातो, पण तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या शुल्कावर तो लागतच नाही.

निघण्याच्या पंधरवड्यात विद्यार्थ्याने स्वतः शाखेत जावे. एनआरओचा अर्ज केव्हा द्यायचा, अधिकारपत्राचा नमुना कोणता, परदेशातील पत्ता कसा कळवायचा, हे तिथे विचारून घ्यावे आणि ज्या सह्या आधी चालतात त्या करून टाकाव्यात. तिकडे गेल्यावर याच कागदांसाठी साक्षांकित प्रती काढून कुरियरने पाठवाव्या लागतात, आणि साक्षांकनासाठी भारतीय वकिलातीत जाण्यात पहिल्या सत्राचा एखादा दिवस सहज खर्ची पडतो.