मोकळा दम, गडद सूर

ट्रम्पेट वाजवणाऱ्याला स्वतःचा ट्रम्पेट नीट ऐकू येत नाही. बेलमधून, म्हणजे पुढच्या रुंद तोंडातून, निघणारे वरचे, धारदार स्वरांश सरळ समोर जातात आणि खालचे चहूकडे पसरतात. वादक उभा असतो बेलच्या मागे. त्याच्या वाट्याला मुख्यतः खालचेच येतात, त्यामुळे आपला आवाज आहे त्यापेक्षा त्याला गडद वाटतो. वीस फुटांवरच्या श्रोत्याला तोच सूर कानात घुसणारा वाटू शकतो.

‘मोकळा वाजेल आणि आवाज गडद असेल असा ट्रम्पेट हवा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची पंचाईत इथूनच सुरू होते. मोकळेपणा ओठांना आणि छातीला कळतो. गडदपणा ठरतो समोरच्याच्या कानात. दोन्ही गोष्टी एकट्याने पारखायला गेलं की निम्मा निकाल हमखास चुकतो.

या दोन गुणांसाठी ज्या वाद्याचं नाव आजही घेतलं जातं ते म्हणजे मार्टिन कंपनीचा ‘कमिटी’. अमेरिकेत इंडियाना राज्यात एल्कार्ट नावाचं गाव आहे. 1870 च्या दशकात तिथल्या चार्ल्स जेरार्ड कॉन या कॉर्नेटवादकाचा मारामारीत ओठ फुटला, असं सांगतात. फुटलेल्या ओठाला सोसवेल म्हणून त्याने रबरी काठाचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा भाग, बनवला. त्याला मागणी आली, मागणीतून कारखाना उभा राहिला आणि पुढे सगळं गावच बँडच्या वाद्यांवर पोसलं गेलं. मार्टिनही तिथलीच. 1940 च्या सुमारास त्यांचा ‘कमिटी’ बाजारात आला. नामवंत कारागिरांची समिती बसवून तो घडवला, अशी आख्यायिका नावामागे आहे. शिकागो सिम्फनीत वाजवणारे आणि पुढे स्वतःची कंपनी काढणारे रेनॉल्ड शिल्के यांचं नाव त्याच्या आराखड्याशी विशेष जोडलं जातं. मला हीच बाजू पटते. समितीच्या हातून इतकी एकजीव वस्तू बाहेर पडल्याचं उदाहरण चटकन आठवत नाही.

माइल्स डेव्हिस, चेट बेकर, डिझी गिलेस्पी, ली मॉर्गन या सगळ्या जॅझवादकांच्या हातात कधी ना कधी हा ट्रम्पेट होता. वादक त्याचं एक वैशिष्ट्य सांगतात: सूर तो घट्ट पकडून ठेवत नाही. बहुतेक आधुनिक ट्रम्पेटांत प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते, ओठ थोडे इकडेतिकडे झाले तरी वाद्य सुराला जागेवर ओढून आणतं. ‘कमिटी’त ती ओढ सैल आहे. सूर खाली वाकवावा, किंचित उतरत्या जागेवर ठेवावा, हवेत विरघळू द्यावा, हे सगळं त्यात जमतं. वाजवणाऱ्याला जो मोकळेपणा भासतो त्यात या सैलपणाचा वाटा मोठा आहे. अर्थात त्याची किंमतही आहे. सुरात राहण्याची जबाबदारी वाद्य घेत नाही, ती वादकावर येते. कच्च्या कानाच्या माणसाने ‘कमिटी’च्या वाटेला जाऊ नये.

माइल्सच्या नावाचा भाव वेगळाच. 1980 च्या सुमारास त्याच्यासाठी बनवलेला, चंद्र-चांदण्या कोरलेला निळा मार्टिन 2019 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात पावणेतीन लाख डॉलरना गेला.

‘कमिटी’च्या दुसऱ्या टोकाला आहे बाक. व्हिन्सेंट बाक मूळचा ऑस्ट्रियाचा. 1914 मध्ये अमेरिकेत आला, बॉस्टन सिम्फनीत वाजवलं आणि 1918 पासून माउथपीस बनवू लागला. ट्रम्पेट काही वर्षांनी आले. 1961 मध्ये त्याने कंपनी सेल्मरला विकली आणि कारखानाही पुढे एल्कार्टलाच गेला. ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ मालिकेतला 37 क्रमांकाच्या बेलचा ट्रम्पेट म्हणजे वाद्यवृंदांचं आणि संगीतशाळांचं जणू प्रमाण वाद्य. सूर जागच्या जागी, आवाजाला स्पष्ट गाभा. मोकळेपणाच्या शोधात असलेल्यांना मात्र तो दम थोडा अडवतो असं वाटतं, आणि ते लगेच मोठ्या बोअरच्या नळीकडे वळतात.

इथे आकडे पाहावेत. बाकचा नेहमीचा बोअर, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या नळीचा आतला व्यास, 11.66 मिलिमीटर. मोठा बोअर 11.73. फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. उलट बाकच्या साध्या माउथपीसचं भोक, ज्याला वादक थ्रोट म्हणतात, अवघं 3.66 मिलिमीटर. क्षेत्रफळ धरलं तर नळीच्या साधारण एक दशांश. वाटेतली सगळ्यात अरुंद जागा ही. शिवाय वाद्यातून वाहणारी हवा थोडी असते. दम कोंडल्यासारखा वाटतो तो बहुतांशी नळीत उभ्या राहिलेल्या ध्वनिलहरी ओठांवर परत येऊन आदळतात त्यामुळे. त्या परतीच्या लहरी कशा असतील हे माउथपीस, त्याच्या मागचा निमुळता भाग आणि त्याला जोडलेली वाद्याची पहिली नळी, म्हणजे लीडपाइप, मिळून ठरवतात. माउथपीसचा दांडा लीडपाइपमध्ये किती आत जातो, एवढ्यानेही हाताला वेगळं वाद्य आल्यासारखं वाटतं. अनुभवी वादक दांड्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून हे तपासतात. फुकटचा प्रयोग आहे, आणि नवा ट्रम्पेट घेण्यापूर्वी प्रत्येकाने करावा.

गडदपणाचीही पहिली किल्ली इथेच. माउथपीसची वाटी उथळ असेल तर आवाज चमकतो, खोल असेल तर मवाळ होतो. बाकच्या पद्धतीत आकडा लहान तितकी वाटी रुंद. अक्षरांत बी म्हणजे सीपेक्षा खोल. शिकाऊ ट्रम्पेटच्या पेटीत बहुधा 7 सी असतो. त्याच वाद्यावर 3 बी लावून पाहिला तर कित्येकांचा नव्या ट्रम्पेटचा खर्च वाचेल. मात्र थ्रोट कोरून मोठं करण्याचा मोह टाळावा. दोन दिवस स्वर्ग वाटतो, मग वरचे सूर दमवतात आणि सुराचा मध्यबिंदू हरवतो.

गडदपणाची दुसरी परीक्षा जोराने वाजवण्यात आहे. हळू वाजवलं तर बहुतेक ट्रम्पेट मखमली लागतात. जोर वाढला की लांब, एकसारख्या रुंदीच्या नळीतून जाताना हवेतल्या दाबाच्या लहरी पुढच्या बाजूने उभ्या, तीक्ष्ण होत जातात आणि पितळी झणझणाट येतो. ट्रम्पेटच्याच कुळातल्या फ्लूगलहॉर्नची नळी बहुतांशी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून तिथे तो झणझणाट तितका येत नाही. नुसता मऊपणाच हवा असेल तर सरळ फ्लूगलहॉर्न घ्यावा. गडद ट्रम्पेट हवा असणाऱ्याला मऊपणाच्या आत ट्रम्पेटचा कणाही हवा असतो.

धातूबद्दल दुकानदार भरभरून बोलतात. पिवळ्या पितळेत सुमारे 70 टक्के तांबं, ‘गोल्ड ब्रास’मध्ये 85, लालसर पितळेत 90. तांबं वाढलं की आवाज गडद, असा हिशेब मांडला जातो. पण बेलच्या भिंतीचा आवाजावर मुळात परिणाम किती? ब्रिटनमधले संशोधक रिचर्ड स्मिथ यांनी व्यावसायिक ट्रॉम्बोनवादकांना वेगवेगळ्या जाडीच्या बेल डोळे बांधून वाजवायला दिल्या, वजनं सारखी करून. वादकांना फरक ओळखता आला नाही. बेलच्या कंपनांचा आवाजावर परिणाम होतो असं दाखवणारेही संशोधक आहेत, पण तो परिणाम बारीक. पोर्टलंडचे डेव्हिड मोनेट यांनी मात्र वजनाचाच मार्ग धरला. त्यांचे जाडजूड ट्रम्पेट विंटन मार्सालिस वाजवतात. ‘राजा’ नावाच्या प्रकारात तर माउथपीस वाद्याचाच भाग असतो. आवाज भरीव आहे, यात वाद नाही. त्यात वजनाचा वाटा किती आणि आतल्या आकाराचा किती, हे वेगळं काढणं अवघड. माझं मत आकाराच्या बाजूने.

आपल्याकडे ट्रम्पेट रुजला तो चमकदार आवाजासाठी. मेरठच्या जाली कोठी भागात घडणारी वाद्यं लग्नाच्या वरातीसाठी, रस्त्याच्या गोंगाटावर मात करायला बनतात. मुंबईत ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून गाजलेले गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांचा बाज नावाप्रमाणेच आर्मस्ट्राँगचा. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मध्ये (1951) त्यांचा वाद्यवृंद आहे. त्या संगीताला लख्ख पितळच शोभत होतं. गडद सूर हवा तर त्या परंपरेला वळसा घालून जावं लागतं.

जुना ‘कमिटी’ परदेशातून मागवणाऱ्याने आधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात. लीडपाइपवर गुलाबी ठिपके आहेत का? असतील तर पितळातलं जस्त निघून जातंय आणि नळी आतून कुजतेय. दुसरं, व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड बाहेर ओढून मग व्हॉल्व्ह दाबला तर ‘पॉप’ असा आवाज येतो का? नसेल येत तर हवा गळतेय. असं वाद्य कितीही नामांकित असलं तरी फुसकं वाजणार.

दुकानात गेलात तर आपला नेहमीचा माउथपीस बरोबर न्यावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गालिचे घातलेल्या छोट्या खोलीत निर्णय करू नये. सोबत ट्रम्पेट वाजवणारं कुणी असेल तर उत्तम. त्याला खोलीच्या टोकाला तुमच्याकडे पाठ करून उभं करावं, कुठलं वाद्य हातात आहे ते सांगू नये आणि हळू, मध्यम, मग जोरात असं वाजवावं. नंतर जागा बदलावी. गडद कुठला ते त्याने सांगावं, मोकळा कुठला ते तुम्ही. दोन उत्तरं एकाच वाद्यावर आली तर किमतीची घासाघीस सुरू करायला हरकत नाही.