संकेतस्थळाची पूर्वयोजना : पिंपळगाव रेणुकाईच्या बोलीच्या निमित्ताने

संकेतस्थळ उभारावयाचे म्हटले म्हणजे बहुतेकांच्या मनात प्रथम पडद्यावरील रंग, चित्रे व मांडणी यांचा विचार येतो. तो अस्वाभाविक नाही. परंतु ज्या निर्णयांवर संकेतस्थळाचे यशापयश अवलंबून असते, ते याहून पुष्कळ अगोदर, कागदावर व्हावयाचे असतात. भाषाविषयक संकेतस्थळाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. प्रस्तुत लेखात एका गावाच्या बोलीचे संकेतस्थळ कल्पून या पूर्वयोजनेचे स्वरूप पाहावयाचे आहे. उदाहरणादाखल जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव घेऊ. हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ते परिसरात ओळखले जाते.

योजनेत जे येत नाही ते पुढे संग्रहातही येत नाही, याचे ठळक उदाहरण याच प्रदेशाने अनुभवलेले आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, तसेच हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली होती. भोकरदन त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. परिणामी लगतच्या बुलढाणा जिल्ह्याची वऱ्हाडी विद्वानांच्या अभ्यासाचा विषय झाली, आणि सीमेच्या अलीकडची बोली कक्षेबाहेर राहिली. बोली काही त्या सीमेवर थांबत नव्हती. थांबली ती योजना. यास्तव पहिला प्रश्न असा : संकेतस्थळाची कक्षा कोणती? केवळ गाव, की भोवतालचा बाजार जेथवर पोहोचतो तेथवरची गावे?

दुसरा प्रश्न हेतूचा. महाजालाची कल्पनादेखील प्रथम एका लेखी प्रस्तावाच्या रूपानेच पुढे आली. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली तो प्रस्ताव मांडला. माणसे संस्थेत येतात आणि जातात, त्यांच्याबरोबर माहितीही नाहीशी होते, ही अडचण त्यात प्रारंभीच नमूद केलेली होती. ‘कोणती हानी टाळावयाची आहे’ हे ज्याला एका वाक्यात सांगता येत नाही, त्याने बांधणीस हात घालू नये, हाच यातील बोध होय. आपल्या उदाहरणात ती हानी म्हणजे वृद्ध शेतकरी व मजूर स्त्रिया यांच्या तोंडचे शब्द नोंदीवाचून लोपणे. हेतू असा निश्चित झाला की वाचकही ठरतो : एक अभ्यासक, आणि दुसरा त्याच गावातील भ्रमणध्वनीवर पाहणारा विद्यार्थी. दुसऱ्यासाठी पाने हलकी हवीत व आवाज ऐकण्याची सोय हवी.

तिसरा प्रश्न नोंदीच्या घटकाचा. ग्रिअर्सन यांनी उधळ्या पुत्राच्या दृष्टांतकथेचे भाषांतर ठिकठिकाणांहून मागविले. त्याखेरीज स्थानिक कथन व ठरावीक शब्दसूची घेतली. सर्वत्र एकच कथा असल्याने तुलना सुकर झाली. मात्र त्या कथेत मिरचीचे शेत नाही. जे विचारले जात नाही ते सापडण्याचा संभव कमी. ‘तोडा’ हा शब्द पाहा. मिरचीच्या शेतात पहिला तोडा, दुसरा तोडा म्हणजे तोडणीची एकेक खेप. दागिन्यांत मात्र तोडा निराळा. शब्द हाच घटक मानला तर दोन्ही एका पानावर गर्दी करतील आणि प्रसंग हरवेल. अखंड कथन हा घटक मानला तर शब्द शोधता येणार नाही. म्हणून ध्वनिमुद्रित उक्ती हा मूळ घटक धरावा, आणि प्रत्येक शब्दार्थाला स्वतंत्र क्रमांक देऊन तो उक्तीशी जोडावा.

चौथा प्रश्न लेखनाचा. येथे संगणकाची दृष्टी व वाचकाची दृष्टी यांत अंतर पडते. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांपूर्वीच्या कागदपत्रांत ‘पिंपळगांव’ असा अनुस्वारयुक्त लेख आढळतो. संगणकाला हे दुसरेच नाव वाटते. शिवाय पिंपळगाव बसवंतसारखी त्याच नावाची इतर गावे आहेतच. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे भिन्न शब्द. त्यातही ‘दऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो आणि दिसतो मात्र एकच. वर्णक्रमातही हीच गत. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, तर युनिकोडच्या मांडणीत ‘ल’च्या पाठोपाठ. वऱ्हाड-खानदेशाकडील काही बोलींत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. तसा उच्चार येथे आढळल्यास तो ‘शुद्ध’ करून टाकू नये. प्रमाणरूप व उच्चारित रूप यांसाठी दोन स्वतंत्र रकाने प्रारंभापासूनच असावेत. सहस्रावधी नोंदी झाल्यावर नवा रकाना पाडणे म्हणजे प्रत्येक वक्त्याकडे पुन्हा जाणे होय, आणि तोवर काही वक्ते हयात नसतील.

पाचवा प्रश्न जबाबदारीचा. वक्त्याचे गाव, वय व व्यवसाय अभ्यासाला आवश्यक आहेत. नाव व आवाज मात्र त्याच्या अनुमतीनेच प्रसिद्ध व्हावेत. ती अनुमती परत घेता येईल, अशी तरतूदही हवी. तद्वत् अनुदान संपल्यावर संकेतस्थळ कोण सांभाळील, आणि नोंदींची प्रत कोठे राहील, हेही आधीच लिहून ठेवावे.

या सर्वांची परीक्षा स्वस्तात करता येते. वीस नोंदी वीस चिठ्ठ्यांवर हाताने लिहाव्यात, त्या ठरलेल्या क्रमाने लावाव्यात, आणि गावातील एका शेतकऱ्यास व एका विद्यार्थ्यास त्यांतून हवा तो शब्द शोधावयास सांगावे. ते जेथे अडतील तेथे आराखडा अपुरा आहे असे समजावे. चिठ्ठी फाडून पुन्हा लिहिता येते. उभारलेले संकेतस्थळ तितक्या सहजतेने बदलत नाही. शतकापूर्वी ही बोली राजकीय सीमेमुळे नोंदीबाहेर राहिली. आज तशी सीमा उरलेली नाही. आता ती पुन्हा बाहेर राहिलीच, तर त्याचे कारण आपल्याच आराखड्यात शोधावे लागेल.