जॅक्सन प्रकरण: शौर्य आणि नैतिक पेच

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने कलेक्टर आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन यांना गोळ्या घालून ठार मारले. महाराष्ट्रातील सशस्त्र क्रांतीच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची आहेच, पण ती नैतिकदृष्ट्या सर्वांत अवघडही आहे. १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी पुण्यात प्लेग अधिकारी रँडला मारले तेव्हा प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे लोक त्याच्यावर चिडलेले होते. जॅक्सन यांची गोष्ट तशी नव्हती.

जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. भारताचा प्राचीन इतिहास आणि लोकपरंपरा यांचा त्यांचा अभ्यास होता. गुजरात आणि कोकणातील लोकसमजुतींविषयी त्यांनी जमवलेली माहिती त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ‘पंडित जॅक्सन’ म्हणून त्यांना ओळखणारे लोक नाशिकमध्ये होते.

मात्र हेच पंडित ब्रिटिश सत्तेचे जिल्ह्यातील प्रमुख अधिकारी होते. विनायक दामोदर सावरकर यांच्या पुढाकाराने नाशिकमध्ये मित्रमेळा ही संघटना उभी राहिली आणि १९०४ मध्ये तिचे रूपांतर ‘अभिनव भारत’मध्ये झाले. सावरकर लंडनला गेल्यावर थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव नाशिकचे काम पाहू लागले. राजद्रोही कविता छापल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. जॅक्सन यांनी खटला सत्र न्यायालयाकडे पाठवला आणि जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता छापल्याबद्दल जन्मठेप, हे क्रांतिकारकांच्या संतापाचे मुख्य कारण होते. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या.

कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. औरंगाबादला शिकत असताना ते गुप्त संघटनेच्या संपर्कात आले. नाशिकच्या गटाची सूत्रे कृष्णाजी गोपाळ कर्वे यांच्याकडे होती, तर विनायक नारायण देशपांडे हे शिक्षक त्यांचे सहकारी होते. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती. त्यांतलेच पिस्तूल या कामी आले.

जॅक्सन यांची मुंबईला बदली झाल्याने घाई करणे भाग पडले. त्यांच्या निरोपानिमित्त किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठेवला होता. जॅक्सन नाट्यगृहात येताच कान्हेरे यांनी पिस्तूल चालवले. त्यांचा नेम चुकला तर देशपांडे आणि त्यांच्यानंतर कर्वे पुढे होणार होते. काम झाल्यावर कान्हेरे यांनी स्वतःचाही शेवट करायचा, असे ठरले होते. पण लोकांनी त्यांना जागीच पकडले.

मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी देण्यात आली. कान्हेरे तेव्हा जेमतेम १८ वर्षांचे होते. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत पोहोचला आणि मार्च १९१० मध्ये सावरकरांना अटक झाली. नाशिक कटाच्या खटल्यात त्यांना जन्मठेप झाली. जानेवारी १९११ मध्ये जॅक्सन यांच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल दुसरी जन्मठेपही सुनावण्यात आली.

कान्हेरे यांच्या नावावर एक जबाब नोंदलेला आहे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोल यांनी तो १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात छापला. आपल्यावर स्वतःवर अन्याय झाला नव्हता, वर्तमानपत्रांत जुलमाच्या हकिकती वाचून साहेबांना मारल्यास न्याय मिळेल असे वाटले आणि एका चांगल्या माणसाला मारल्याचा आता पश्चात्ताप होतो, असा त्याचा आशय आहे. हा जबाब सरकारी कोठडीतला, तर चिरोल क्रांतिकारकांचे कडवे टीकाकार, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा लागतो. तरीही तो वगळून प्रकरणाचा विचार पुरा होत नाही.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन बाजू आहेत. गोळी व्यक्तीवर नव्हे तर सत्तेवर झाडली, असे एका बाजूचे म्हणणे. सत्तेला शरीर नसते, मरतो तो माणूसच, हे दुसऱ्या बाजूचे उत्तर. जॅक्सन यांची विद्वत्ता खरी होती, म्हणून त्यांच्या हुकमाचे परिणाम सौम्य ठरत नाहीत. कान्हेरे यांचा त्यागही खरा होता, म्हणून हत्येचा प्रश्न मिटत नाही. वैयक्तिक लाभ किंवा सूड यांचा मागमूस या कृत्यात नव्हता, एवढे मात्र निर्विवाद आहे.

नाशिकने आपला कौल दिलेला आहे. शहरातील गोल्फ क्लब मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिले असून तिथे रणजी करंडकाचे सामनेही झाले आहेत. त्या नावाचा आदर करताना जॅक्सन यांच्या अभ्यासाचीही नोंद ठेवली, तरच हा इतिहास पूर्ण होतो.