न मोजलेल्या तापाची मोजदाद

गेल्या श्रावणात आमच्या घरातले चौघे एकापाठोपाठ एक आडवे पडले. आधी लेक, मग मी, मग बायको आणि शेवटी आई. तिघांनी पॅरासिटामॉल आणि गवती चहावर निभावून नेलं. आईचं वय एकोणऐंशी, म्हणून तिला तेवढं डॉक्टरांकडे नेलं. ‘व्हायरल आहे, पाच दिवसांत उतरेल,’ असं ते म्हणाले आणि तसंच झालं. नाकातला नमुना कुणाचाच घेतला नाही. त्यामुळे तो इन्फ्लुएन्झा होता की आणखी काही, हे कधीच कळणार नाही. सरकारी नोंदीपुरते आम्ही चौघेही त्या महिन्यात ठणठणीत होतो.

मी डॉक्टर नाही. जनगणनेचे जुने अहवाल चाळता चाळता मोजणीच्या नादी लागलेला माणूस आहे. एखाद्या देशात वर्षभरात किती जणांना फ्लू होतो, हा प्रश्न मला तिथूनच भेटला. प्रश्न साधा दिसतो, पण त्याचं उत्तर कोणत्याही रजिस्टरात लिहिलेलं नसतं.

नोंद का होत नाही, हे आधी पाहू. समजा, हजार जण फ्लूने आजारी पडले. त्यांतले पाचशे डॉक्टरांकडे गेले. त्या पाचशेतल्या शंभरांचा नमुना घेतला गेला. तपासणीत नव्वद जणांत विषाणू सापडला आणि पन्नासांची नोंद वरपर्यंत पोचली. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. नोंदीतला एक रुग्ण म्हणजे प्रत्यक्षातले वीस, असा याचा अर्थ. आता प्रत्येक पायरीवरची गळती वेगळी पाहणी करून शोधली, तर उलट दिशेने गुणत गुणत मूळ हजारापर्यंत जाता येतं.

अमेरिकेत २००९ साली स्वाइन फ्लूच्या वेळी हेच केलं गेलं. एप्रिल ते जुलै या काळात तिथे प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेले ४३,६७७ रुग्ण नोंदले गेले होते. संशोधकांनी गळतीचा हिशेब मांडला, तेव्हा नोंदीतल्या एका रुग्णामागे प्रत्यक्षात सुमारे ७९ रुग्ण असावेत असं निघालं. एकूण अंदाज आला १८ लाख ते ५७ लाख. एवढा रुंद पट्टा पाहून वाचकाला हसू येईल, पण प्रामाणिकपणा त्या रुंदीतच आहे. वरच्या उदाहरणात पाचशेंऐवजी दोनशे पन्नासच डॉक्टरांकडे गेले असते, तर गुणक विसाचा चाळीस झाला असता. गुणाकारात एका पायरीची चूक थेट उत्तरात उतरते.

या पद्धतीला आणखी एक मर्यादा आहे. ज्याला संसर्ग झाला पण ताप आलाच नाही, तो तिच्या हाती लागत नाही. त्याला गाठायचं तर रक्ताकडे जावं लागतं. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो. रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं असतील, तर हे चिकटणं थांबतं. रक्तद्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं आणि कुठवर तो परिणाम टिकतो ते पाहायचं. हंगामापूर्वीच्या नमुन्यापेक्षा नंतरचा नमुना चौपट किंवा त्याहून अधिक पातळ करूनही परिणाम दाखवत असेल, तर मधल्या काळात संसर्ग होऊन गेला असं धरतात. लशीनेही प्रतिपिंडं वाढतात, म्हणून हा हिशेब लस न घेतलेल्यांचा करावा लागतो.

इंग्लंडमध्ये २००६ ते २०११ या काळात ‘फ्लू वॉच’ नावाच्या अभ्यासात कुटुंबंच्या कुटुंबं अशी तपासली गेली. लस न घेतलेल्यांपैकी सरासरी १८ टक्के लोकांना दर हिवाळ्यात संसर्ग होत होता. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांशांना लक्षणं जाणवलीच नाहीत किंवा ती फ्लूची म्हणण्याजोगी नव्हती. ज्यांच्या नमुन्यात विषाणू सापडला, अशा आजाऱ्यांपैकी डॉक्टरांकडे गेल्याची नोंद होती ती जेमतेम १७ टक्क्यांची.

आता आपल्याकडे येऊ. स्वाइन फ्लूने भारतातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, रस्त्यावर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं दिसू लागली. पुढे सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट केले आणि तपासणी फक्त ‘क’ गटाची, म्हणजे दवाखान्यात दाखल करण्याजोग्या रुग्णांची करायची असं ठरवलं. उपचाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं. पण त्यामुळे छेद बदलला. २०१५ साली देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि सुमारे तीन हजार मृत्यू नोंदले गेले. भागाकार केला तर शंभरातले सात दगावले, असं दिसतं. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असा हा आकडा. पण खालची संख्या मुख्यतः गंभीर रुग्णांची आहे. खरे आजारी पन्नासपट होते असं घटकाभर धरलं आणि मृत्यूही दुप्पट धरले, तरी प्रमाण हजारी तीनच्या आत येतं.

मृत्यू दुप्पट का धरायचे? कारण अंशही अपुराच असतो. फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट असतो, असं कॅनडातल्या एका अभ्यासात २०१८ साली दिसलं. अशा माणसाच्या दाखल्यावर कारण लिहिलं जातं ते हृदयविकार. म्हणूनच लंडनमध्ये विल्यम फारने १८४७ च्या साथीत दाखल्यावरचं कारण बाजूला ठेवलं आणि नेहमीपेक्षा किती माणसं जास्त मेली, एवढंच मोजलं. ती युक्ती आजही वापरात आहे.

हा खटाटोप कशासाठी? छेद लहान धरला तर घबराट होते, अंश लहान धरला तर बेफिकिरी. पश्चिम भारतात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. म्हाताऱ्या माणसांना लस द्यायची का आणि ती कोणत्या महिन्यात, दवाखान्यात खाटा किती राखायच्या, हे याच दोन संख्यांवर ठरायला हवं.

यंदा आईला जूनच्या आधीच लस दिली. तिने विचारलं, ‘मागल्या वर्षी मला तेच झालं होतं का रे?’ मी म्हटलं, ‘सांगता येत नाही, आई.’ एका माणसाबद्दल नाहीच सांगता येत. कोटींबद्दल मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. पट्टा किती रुंद आहे हे सोबत सांगितलं, तर.